संकेतस्थळ-रचनेच्या चौकटी आणि अनुभवाची साक्ष

कोणतेही साधन घेण्यापूर्वी ते वापरून पाहिलेल्यास विचारावे, ही रीत जुनी आहे. छापखाना काढू इच्छिणारा मनुष्य यंत्राची मागणी नोंदविण्यापूर्वी दुसऱ्या मुद्रकाकडे जाऊन बसतो. संकेतस्थळे रचण्यासाठी आज ज्या सिद्ध चौकटी, अर्थात फ्रेमवर्क, उपलब्ध आहेत त्यांच्या निवडीतही हाच मार्ग अनुसरला जातो. कोणी काय वापरले, त्यास काय अनुभव आला, हे पाहून निर्णय होतो. ही अनुभवाची साक्ष कितपत ग्राह्य मानावी आणि ती कशी तपासावी, याचे विवेचन येथे करावयाचे योजिले आहे. प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. चौकट एकदा स्वीकारली की तिच्याशी पाच-दहा वर्षांचा संसार करावा लागतो, आणि मध्येच ती मोडली तर केलेले काम पुन्हा प्रथमपासून करण्याची पाळी येते.

प्रथम चौकट म्हणजे काय ते पाहू. सामान्य आज्ञासंग्रहात प्रोग्रामर आपल्या सोयीने हवी ती आज्ञा बोलावतो; चौकटीत नेमके उलट घडते. कामाचा क्रम चौकटीने आधीच ठरविलेला असतो आणि प्रोग्रामरने लिहिलेला भाग ती आपल्या वेळी बोलावते. खिळे जुळविणाऱ्याला फर्म्याच्या मापातच काम करावे लागते, तसे हे आहे. श्रम वाचतात, परंतु माप दुसऱ्याचे असते. सर्व्हरवर चालणाऱ्या चौकटींपैकी जँगो ही अमेरिकेतील कॅन्ससमधील लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत रोजच्या निकडीतून घडली आणि २००५ मध्ये सर्वांस खुली झाली. रूबी ऑन रेल्स ही बेसकँप या कामकाजविषयक प्रणालीतून वेगळी काढून २००४ मध्ये प्रसिद्ध करण्यात आली. दोहोंच्या पाठीशी आधी काम व मग उपपत्ती असा क्रम असल्याने त्यांच्याविषयीचे अनुभव पुष्कळसे एकमुखी आहेत. मतभेद माजले आहेत ते ब्राउझरमध्ये चालणाऱ्या चौकटींविषयी. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्यापुरतेच आहे.

साक्ष गोळा करण्याचे मोठे प्रयत्न दोन. स्टॅक ओव्हरफ्लो या संस्थेची वार्षिक पाहणी २०११ पासून चालू आहे, आणि केवळ जावास्क्रिप्टच्या क्षेत्रापुरती ‘स्टेट ऑफ जेएस’ ही पाहणी २०१६ पासून होत आली आहे. दुसरीतील समाधानाचे माप सोपे आहे. ज्यांनी चौकट वापरली त्यांतील किती जण ती पुन्हा वापरावयास तयार आहेत, त्याचे शेकडा प्रमाण काढावयाचे. हे माप दिसते तितके निर्दोष नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. ‘क’ ही चौकट १,००० जणांनी वापरली व त्यांपैकी ६०० जण पुन्हा वापरू म्हणतात. समाधान शेकडा ६०. ‘ख’ ही नवी चौकट ५० जणांनीच वापरली व ४५ जण संतुष्ट आहेत. समाधान शेकडा ९०. ‘ख’ श्रेष्ठ ठरली काय? आता समजा, ‘क’ वापरणाऱ्यांपैकी ४०० जणांनी ती स्वतः निवडली होती व त्यांतील ३६० संतुष्ट आहेत. उरलेल्या ६०० जणांच्या माथी ती नोकरीत मारली गेली होती व त्यांतील २४०च संतुष्ट आहेत. म्हणजे स्वेच्छेने निवडणाऱ्यांत ‘क’चेही समाधान शेकडा ९०च भरते. अल्पपरिचित चौकटीकडे बहुधा हौसेने आलेलेच लोक असतात, आणि लोकप्रिय चौकटीच्या वाट्याला हौशी व बिगारी असे दोन्ही येतात. हा भेद आकड्यात दिसत नाही. मला तर असे वाटते, की ‘आपण ही चौकट स्वतः निवडली काय?’ एवढा एकच प्रश्न प्रत्येक पाहणीत घातला तर अर्धे वाद मिटतील.

दुसरा दोष काळाचा आहे. तो अँग्युलरच्या इतिहासात उत्तम दिसतो. गूगलमध्ये मिश्को हेव्हरी यांनी आरंभिलेली अँग्युलरजेएस ही चौकट २०१० मध्ये बाहेर आली. पृष्ठावरील रकान्यात अक्षर बदलले की आतील विदा आपोआप बदलावी, आणि विदा बदलली की पृष्ठ बदलावे, ही तिची किमया पाहून लोक हरखून गेले. किमयेमागील यंत्रणा मात्र कष्टाची होती. कोणतीही घटना घडताच चौकट सर्व निरीक्षित मूल्ये जुन्या मूल्यांशी ताडून पाही, आणि काहीही बदललेले आढळले की पुन्हा सर्व ताडून पाही. लहान पृष्ठावर हे लक्षातही येत नसे. मोठ्या तक्त्यावर यंत्र धापा टाकू लागे. तेव्हा पहिल्या महिन्याची साक्ष आणि दुसऱ्या वर्षाची साक्ष एकमेकींशी जुळणे शक्यच नव्हते. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिस येथील परिषदेत नव्या आवृत्तीची रूपरेषा मांडण्यात आली, ती जुनीशी मुळीच न जुळणारी. जुन्या कल्पनांची थडगी पडद्यावर दाखविण्याचा विनोदही व्याख्यात्यांनी केला. ज्यांचे संसार त्या कल्पनांवर उभे होते त्यांना तो रुचला नाही, यात नवल ते काय! नवी अँग्युलर सप्टेंबर २०१६ मध्ये आली आणि जुनीची देखभाल ३१ डिसेंबर २०२१ रोजी थांबली. माझ्या परिचयाच्या एका संस्थेतील प्रवेश-नोंदणीची प्रणाली या दोहोंच्या मध्ये सापडून पुन्हा नव्याने लिहावी लागली. ते काम करणारा तरुण आजही ‘अँग्युलर’ हे नाव ऐकताच कपाळाला आठ्या घालतो. पण त्याची तक्रार नेमकी कोणत्या अँग्युलरविषयी आहे हे खोदून विचारल्याखेरीज कळत नाही.

रिअ‍ॅक्टच्या बाबतीत काळाने उलट दिशेने काम केले. फेसबुकमध्ये जॉर्डन वॉक यांनी घडविलेले हे साधन मे २०१३ मध्ये खुले झाले, तेव्हा त्याचे स्वागत थंडे, किंबहुना उपहासाचे झाले. पृष्ठाची मांडणी आणि तिची कृती वेगळ्या ठेवाव्यात, हा तोवरचा संकेत. रिअ‍ॅक्टने दोन्ही एका ठिकाणी लिहावयास सांगितले. पृष्ठाची स्मृतीतील प्रतिकृती प्रत्येक बदलास नव्याने उभारावयाची व जुनीशी ताडून फरकापुरताच ब्राउझरला हात लावावयाचा, ही त्याची पद्धतीही प्रथमदर्शनी उधळेपणाची वाटली. पाच वर्षांत तेच साधन सर्वाधिक प्रचारात आले. साधन मूलतः बदलले नव्हते, मते बदलली. कारण पुढे असे दिसून आले, की मोठ्या प्रणालीत एखादी चूक कोठे झाली ते शोधताना विदेचा ओघ एकाच दिशेने असणे अत्यंत उपकारक ठरते, आणि हा लाभ पहिल्या दिवशी कोणासही दिसत नाही. तक्रारी संपल्या असे मात्र नव्हे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘हुक्स’ नामक नवी रचना आली. तिच्यात परिणाम केव्हा पुन्हा घडवावयाचा हे सांगणारी अवलंबनांची यादी लिहावी लागते, व तीत एक नाव राहिले तर जुनेच मूल्य वापरले जाते. अनुभवी मंडळीही येथे ठेचकाळतात. तांत्रिकतेशी संबंध नसलेली एक साक्षही नोंदविली पाहिजे. २०१७ मध्ये पेटंटविषयक कलमामुळे अपाची प्रतिष्ठानाने आपल्या प्रकल्पांत रिअ‍ॅक्टचा वापर निषिद्ध ठरविला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात फेसबुकला परवाना बदलावा लागला.

व्ह्यू ही इव्हान यू यांची निर्मिती. गूगलमध्ये अँग्युलरजेएस वापरल्यानंतर त्यातील आवडलेले तेवढे ठेवून त्यांनी ती घडविली व २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. शिकावयास सुलभ, हा तिच्याविषयीचा अभिप्राय मला तरी रास्त वाटतो. २०१९ च्या जून महिन्यात नव्या लेखनपद्धतीचा प्रस्ताव पुढे येताच तिच्या चाहत्यांत मोठा क्षोभ उसळला. परिणामी सप्टेंबर २०२० मधील तिसऱ्या आवृत्तीत नवी पद्धती जुनीच्या जोडीने आली, जुनी काढून टाकली गेली नाही. वापरणाऱ्यांच्या साक्षीने चौकटीची दिशा वळल्याचे हे ठळक उदाहरण होय.

रिच हॅरिस यांची स्वेल्ट, २०१६ मधील, आणखी वेगळी. ती ब्राउझरमध्ये मोठे यंत्र पाठवीतच नाही. लिहिलेल्या मजकुराचे भाषांतर आधीच करून पाठविते. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०१९) चलास नवे मूल्य दिले की पृष्ठ बदले. परंतु यादीत नुसती भर घातली तर ते बदलत नसे, कारण नवे मूल्य दिलेच गेले नव्हते. लहान कामात हा सुटसुटीतपणा मोहक वाटतो, मोठ्या कामात तो चकवा ठरतो. ऑक्टोबर २०२४ मधील पाचव्या आवृत्तीत ‘रून्स’ नावाच्या उघड खुणा आणाव्या लागल्या, त्या बऱ्याच अंशी याच अनुभवामुळे.

आतापर्यंत ज्यांची साक्ष पाहिली ते सर्व प्रोग्रामर होत. पृष्ठ ज्याच्यासाठी रचावयाचे तो मनुष्य या पाहण्यांत कोठेच नाही. तालुक्याच्या गावी वडिलांच्या स्वस्त फोनवर प्रवेशाचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थिनीला चौकटीचे नावही ठाऊक नसते. तिला एवढेच कळते, की बोट टेकवले आणि काही झाले नाही. जावास्क्रिप्टचा भार नुसता उतरवून घेण्याचा नसतो, तो वाचून चालविण्याचाही असतो, आणि तेथे दुर्बल फोन मागे पडतो. ही मूक साक्ष काही अंशी मोजता येते. क्रोम ब्राउझर २०१७ पासून प्रत्यक्ष वापरातील गतीची मापे प्रसिद्ध करीत आहे. मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, आणि स्पर्शाला २०० मिलिसेकंदांच्या आत उत्तर मिळावे, तेही दर चार भेटींपैकी तीन भेटींत, अशी मर्यादा गूगलने सुचविली आहे. यातही सावधगिरी हवी. आयफोनवरील वापर या मापांत येत नाही. शिवाय अमुक चौकटीची स्थळे मंद आढळली म्हणजे मंदत्व चौकटीचेच, असा निष्कर्ष निघत नाही. जाहिरातींनी भरलेली मोठी दुकाने एका चौकटीत व लहानशी टिपणे दुसऱ्या चौकटीत रचली गेली असली, तर तुलना दुकानाची व टिपणाची होते.

आपल्यासारख्या विभागास यातून काय घ्यावयाचे? हस्तलिखितांची सूची, जुन्या नियतकालिकांची अनुक्रमणिका, शब्दकोश अशी आपली कामे बहुतांशी वाचनाची आहेत. त्यांची पृष्ठे सर्व्हरवर सिद्ध करून साध्या स्वरूपात पाठविणे पुरेसे आहे, आणि तेथे ब्राउझरमधील कोणतीही मोठी चौकट न घेणे हेच मी सुचवीन. अपवाद एका पटलाचा, जेथे सहायक दिवसभर नोंदी भरतात व प्रत्येक अक्षरासरशी जुळणारी नावे खाली दिसावी लागतात. येथे चौकट उपयोगी आहे. पण कोणत्याही पाहणीत न सापडणारी एक गोष्ट येथेच पारखून घ्यावी लागेल. व्ह्यूच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे, की चिनी, जपानी, कोरियन यांसारख्या भाषा ज्या लेखनसाधनाने लिहितात त्यात शब्द अर्धवट जुळत असताना तिचे नेहमीचे बंधन मूल्य पुढे पाठवीत नाही. तसे हवे असल्यास वेगळी योजना करावी लागते. रोमन अक्षरे टंकून देवनागरी उमटविणारी साधनेही शब्द असाच जुळवीत असतील, तर ‘ज्ञानेश्वर’ पुरा लिहून होईपर्यंत खालची यादी हलणार नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर काम करणारा सहायक मात्र तक्रार करणार नाही. तेव्हा निवड करण्यापूर्वी दोन्ही रीतींनी लिहिणारे दोन सहायक त्या पटलासमोर प्रत्यक्ष बसवावेत, आणि जुन्या सूचीतील शंभर नोंदी त्यांच्याकडून भरवून घ्याव्यात.