पायाखालचे मँगनीज, पुस्तकातले पॅलेडियम

भरवेली, उकवा, तिरोडीला मँगनीज आणि मलाजखंडला तांबे: दोन संक्रमण धातूंच्या नामांकित खाणी मध्य प्रदेशातल्या एकाच बालाघाट जिल्ह्यात आहेत. १९५६ पर्यंत या जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चाले. मँगनीज काढणाऱ्या ‘मॉइल’ कंपनीचा चालतो आजही तिथूनच. पण इथल्या विद्यार्थ्याने ऑर्गॅनोमेटॅलिकचे प्रकरण उघडले, की भेटतात विल्किन्सनचे ऱ्होडियम आणि सुझुकीचे पॅलेडियम. गेल्या साठेक वर्षांकडे वळून पाहिले, तर ही निव्वळ पुस्तकवाल्यांची खोड म्हणता येत नाही. पॅलेडियम शून्य आणि अधिक दोन या अवस्थांत शिस्तीत ये-जा करते: कार्बन-हॅलोजन बंध फोडून दोन्ही तुकडे अंगावर घेते, हॅलोजनच्या जागी दुसरा कार्बन गट येतो, आणि शेवटी ते दोन्ही कार्बन जोडून धातू मोकळा होतो. असे चक्र फळ्यावर स्वच्छ उतरते आणि परीक्षेलाही सोयीचे. २०१० चे नोबेल हेक, नेगिशी, सुझुकी यांना मिळाल्यावर तर प्रकरणच पॅलेडियमचे झाले. मँगनीज मात्र अनेकदा एकेका इलेक्ट्रॉनने बदलते, मध्येच रॅडिकल उपटतात. २०१६ मध्ये बेलर आणि मिलस्टाइन यांच्या गटांनी त्याला हायड्रोजन देण्या-घेण्याच्या कामाला लावले, तेही लिगंडला धातूच्या जोडीने राबवून. नेमके म्हणूनच ते शिकवायला हवे. दोन-इलेक्ट्रॉनी चौकट पॅलेडियमला शोभते, सगळ्या धातूंचा तो नियम नव्हे, हे तुलनेशिवाय कळत नाही.

खाणीतला दगड आणि बाटलीतला उत्प्रेरक यांत फार अंतर आहे, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. भरवेलीचे खनिज मुख्यतः पोलादाच्या कामी येते; त्या २०१६ च्या संयुगांतही धातू स्वस्त, पण फॉस्फीनचा लिगंड महाग. तेव्हा इथे जिल्ह्याचा अभिमान कामाचा नाही. दुसरा आक्षेप साधनांचा: जिल्ह्याच्या कॉलेजात ग्लोव्हबॉक्स कुठून आणणार? मँगनीजपुरता तो मान्य. तांब्याचे तसे नाही. मोरचूद आणि सोडियम ॲस्कॉर्बेट पाणी-अल्कोहोलमध्ये घातले, की निळा रंग फिकटतो, तांबे अधिक एकवर येते आणि टर्मिनल अल्काइन व अझाइड यांची ट्रायाझोल बनते. अझाइड तेवढा जपून हाताळायचा. बाकी हे सारे उघड्या हवेत, खोलीच्या तापमानाला. २००२ मध्ये मेल्डाल आणि शार्पलेस यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलेल्या याच अभिक्रियेचा २०२२ च्या नोबेलमध्ये मोठा वाटा होता. तिच्यात तांबे-कार्बन बंध खरोखरच तयार होतो, आणि चक्रात तांब्याचे दोन अणू गुंतलेले असतात हे २०१३ मध्ये दिसून आले. एका अणूभोवती गोल काढून मोकळे होण्याची सवय इथे, साध्या फ्लास्कमध्येच, मोडते.