एकच मोटार : शर्यतीची आणि घरचीहि

जर्मनींतील न्यूरबर्गरिंग हा शर्यतीचा मार्ग १९२७ सालीं खुला झाला. त्याचा उत्तरेकडील फेरा सुमारें २०.८ किलोमीटर लांबीचा असून, ठरावीक दिवशीं शुल्क भरून सामान्य नागरिकालाहि तेथें आपली मोटार चालवितां येते. मात्र त्याच मोटारीनें त्याला घरीं परतावयाचें व दुसऱ्या दिवशीं कामावर जावयाचें असतें. म्हणून स्पोर्ट्‌स मोटारींत फेरफार करणारा मनुष्य दोन डगरींवर पाय ठेवून उभा असतो.

प्रथम ब्रेकचा विचार करावा. ब्रेक दाबतांच मोटारीच्या वेगाची उष्णता होते. वळणामागून वळण आलें, कीं ती ब्रेक-ऑईलपर्यंत पोंचते. तें उकळलें, तर त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबानें आकसत नाहीं, वाफ आकसते. मग पेडल तळाला जातें आणि मोटार थांबत नाहीं. 'डॉट ४' जातीचें ताजें ऑईल निदान २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये, असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या ऑईलासाठीं तीच मर्यादा १५५ अंश आहे. तेव्हां वेळेवर ऑईल बदलणें हा अगदीं स्वस्त फेरफार होय, व त्याचा लाभ दोहों ठिकाणीं मिळतो.

सर्वच फेरफार असे निरुपद्रवी नसतात. शर्यतीचे ब्रेक-पॅड तापल्यावरच नीट पकड घेतात. थंडीच्या सकाळीं एखादें मूल आडवें आलें, तर तेच दगा देतात. शर्यतीला साजेशा टायरांच्या खांचा उथळ असतात. पावसांत पाणी बाहेर फेकलें न गेल्यामुळें मोटार पाण्यावर तरंगूं लागते. कडक स्प्रिंगांमुळें मोटार वळणावर कमी कलते. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर चाक उसळतें, आणि अधांतरीं असलेलें चाक ना मोटारीला वळवूं शकत, ना थांबवूं शकत. आंत बसविलेला पोलादी पिंजरा शिरस्त्राण घातलेल्या चालकाला तारतो. उघड्या डोक्याला तोच घातक ठरूं शकतो.

यास्तव शहाणा मालक क्रम पाळतो. आधीं ताजें ऑईल, मग थंडपणींहि काम देणारे परंतु अधिक उष्णता सोसणारे पॅड, नंतर शर्यतीपुरता चाकांचा वेगळा संच. स्प्रिंगांना हात लावावयाचा तो सर्वांत शेवटीं, व बेतानें. जर्मनींत तर आवश्यक त्या मान्यतेविना फेरफार केल्यास मोटारीचा रस्त्यावरील परवानाच जाऊं शकतो. फेऱ्यांत चार सेकंद वाचले, हें यश खरें. परंतु केलेल्या फेरफाराची परीक्षा होते ती पावसाळी रात्रीं, घरच्या वाटेवर, अवचित ब्रेक दाबावा लागतो त्या क्षणीं.