जुनी ‘फोर बाय फोर’ घरगुती गाडी : देखभाल घरची, हिशेब वहीचा

कापडाच्या धंद्यात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशी धावपळ वर्षभर चालू असते. त्यामुळे आमच्यासारख्या व्यापाऱ्याच्या घरात गाडी ही चैनीची वस्तू नसून दुकानाच्या गल्ल्याइतकीच गरजेची आहे. सहा दिवस ती नमुन्याची गाठोडी वाहते आणि सातव्या दिवशी घरच्या मंडळींना घेऊन लग्नकार्याला जाते. अलीकडे आमच्या व्यापारी बांधवांपैकी काहींनी चारही चाकांना ताकद पुरविणाऱ्या जुन्या गाड्या सेकंड हँड बाजारातून घेतल्या आहेत. पावसाळ्यात गावाकडच्या चिखलाच्या रस्त्यावर या गाड्यांचा मोठा आधार होतो. परंतु त्यांचे नाव काढताच अनेक मिस्त्री मान हलवितात आणि ‘हा हत्ती पोसायचा धंदा आहे’ असे सांगतात.

आमच्या मते ही भीती निम्मी खरी व निम्मी गैरसमजातून आलेली आहे. या गाड्यांचे मोठे खर्च बहुधा वापरामुळे नव्हे, तर दोन बाबतींतल्या बेफिकिरीमुळे उद्भवतात. एक म्हणजे टायर आणि दुसरी म्हणजे तेल. या दोन्हींवर नजर ठेवणे हे घरचे काम आहे. त्यासाठी गॅरेजची गरज नाही आणि फार मोठ्या हुन्नराचीही नाही.

रचना समजून घ्या

उदाहरणादाखल रेनॉ डस्टर घेऊ. ही गाडी भारतात २०१२ साली आली आणि २०१४ साली तिचा ऑल व्हील ड्राइव्ह प्रकार निघाला. १.५ लिटरचे डिझेल इंजिन आणि सहा गिअर अशी तिची जोडणी होती. २०२० साली बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा कंपनीने डिझेल डस्टर बंद केली. म्हणजे रस्त्यावर दिसणारी प्रत्येक डिझेल ऑल व्हील ड्राइव्ह डस्टर आता जुन्या गाड्यांतच मोडते.

जुन्या जीप किंवा जिप्सीमध्ये लिव्हर ओढून मागची व पुढची चाके एकमेकांशी पक्की जोडली जातात. डस्टरची रीत निराळी आहे. इंजिनाची ताकद मुळात पुढच्या चाकांना मिळते. गिअरबॉक्सला लागून असलेल्या ट्रान्स्फर पेटीतून एक लांब शाफ्ट मागे जातो. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी विजेवर चालणारा क्लच असतो, त्यास कपलिंग म्हणतात. पुढची चाके घसरू लागली की हा क्लच आवळला जातो आणि मागची चाकेही गाडी ढकलू लागतात. डॅशबोर्डवरील गोल बटणाला टू-व्हील, ऑटो व लॉक अशा तीन जागा आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बटण टू-व्हीलवर असले तरी मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलची चक्रे फिरतच असतात. ‘आम्ही फोर बाय फोर कधी वापरतच नाही, मग तेल कशाला बदलायचे?’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. तसेच लॉक ही जागा चिखल, वाळू किंवा ओल्या गवतासाठी आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. लॉकमध्ये त्यांना ती मोकळीक मिळत नाही, मग टायर घासतात आणि सारा ताण दातेरी चक्रांवर येतो.

टायरचा हिशेब

साध्या गाडीत दोन टायर नवे व दोन जुने असले तरी सहसा निभावून जाते. चार चाकांवर ओढणाऱ्या गाडीत तसे नाही. का नाही, हे आकड्यांनी पाहू.

ऑल व्हील ड्राइव्ह डस्टरच्या टायरचे माप २१५/६५ आर १६ असे आहे. या मापानुसार नव्या टायरचा व्यास सुमारे ६८६ मिलिमीटर व घेर सुमारे २,१५५ मिलिमीटर येतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. झिजून ती १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर बाद होतो. तोवर घेर सुमारे ४० मिलिमीटरने घटलेला असतो. ढोबळ हिशेबाने एका किलोमीटरमध्ये नवे चाक ४६४ फेरे घेते, तर झिजलेले चाक ४७३. म्हणजे दर किलोमीटरला ९ फेऱ्यांचा फरक पडतो. दोनशे किलोमीटरच्या प्रवासात तो सुमारे पावणेदोन हजार फेऱ्यांवर जातो.

पुढे नवे व मागे झिजलेले टायर असतील तर कपलिंग जोडले जाते तेव्हा हा फरक त्याला घसरून सोसावा लागतो. घसरण म्हणजे उष्णता आणि उष्णता म्हणजे झीज. एकाच बाजूचा टायर वेगळा असेल तर डिफरन्शियलमधील लहान चक्रांना सरळ रस्त्यावरही विश्रांती मिळत नाही. १९७२ साली लिओन या एस्टेट गाडीला चारही चाकांची ओढ देणारी जपानची सुबारू कंपनी आपल्या ग्राहकांना सांगते की, चार टायरांच्या घेरात पाव इंचापेक्षा अधिक फरक नसावा. नक्षीच्या खोलीत धरले तर हा फरक जेमतेम एक मिलिमीटर भरतो. प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी असू शकते, म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका पाहावी. तत्त्व मात्र सर्वत्र एकच आहे.

हे मोजणे सोपे आहे. नक्षीची खोली मोजण्याचे लहान मापक टायरच्या दुकानात मिळते. घेर मोजायचा असेल तर मोजपट्टी टायरच्या मधोमध गुंडाळावी. आम्ही कापडवाले एक सूचना अवश्य करू : शिंप्याची कापडी पट्टी वापराने ताणली जाते, म्हणून पोलादी पट्टी घ्यावी. चारही चाकांची मापे वहीत तारखेनिशी लिहावी.

नियम पुढीलप्रमाणे पाळावेत :

१. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे व एकाच मापाचे असावेत.

२. दर १०,००० किलोमीटरला पुढचे मागे व मागचे पुढे करावेत, म्हणजे झीज सारखी होते.

३. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. योग्य आकडा पुस्तिकेत आणि गाडीवरील स्टिकरवर दिलेला असतो. कमी हवेचा टायर हा लहान टायरच होय.

४. स्टेपनी वर्षानुवर्षे डिकीत पडून नवीच राहते. पंक्चर झाल्यावर ती लावली तर बटण टू-व्हीलवर ठेवून, सावकाश, जवळच्या दुकानापर्यंतच जावे.

५. टायरच्या बाजूवर चार अंकी शिक्का असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेताना चारही शिक्के वाचावेत. ते एकमेकांशी जुळत नसतील तर भाव करताना तो मुद्दा मांडावा.

एखादा टायर फाटला आणि बाकीचे तीन निम्मे झिजलेले असले, तर दुकानदार एकच नवा टायर गळ्यात मारू पाहतो. आमच्या ओळखीच्या एका सूत व्यापाऱ्याला टायरच्या दुकानात ‘काही फरक पडत नाही’ असेच सांगण्यात आले. वर्षभरात गाडीच्या मागून घरघर येऊ लागली आणि काम कपलिंगपर्यंत गेले. एका टायरमागे केलेली बचत चार टायरांच्या किमतीहून महाग पडली. अशा वेळी त्याच कंपनीचा, तितकाच झिजलेला व सुस्थितीतील टायर शोधावा. तो न मिळाल्यास चारही बदलावेत.

तेल : एक नव्हे, अनेक

इंजिनाचे तेल सर्वजण बदलतात. परंतु या गाडीत गिअरबॉक्सचे तेल, ट्रान्स्फर पेटीचे तेल आणि मागच्या डिफरन्शियलचे तेलही असते. काही गाड्यांत ट्रान्स्फर पेटीचे तेल वेगळे असते, काहींत गिअरबॉक्सशी सामाईक असते. तेलाचा दर्जा पुस्तिकेत लिहिलेला असतो, तोच वापरावा. ‘याच्यासारखेच आहे’ म्हणून मिळणारे तेल घेऊ नये. जुनी गाडी घेतल्यावर मागील नोंदी नसतील तर पहिल्याच महिन्यात ही सर्व तेले बदलून घ्यावीत.

डिफरन्शियलचे तेल घरी बदलता येते. गाडी सपाट जागी हवी. आधी वरचा, भरण्याचा नट सैल करून पाहावा आणि मगच खालचा, निचऱ्याचा नट उघडावा. हा क्रम चुकू देऊ नये. खालून तेल सांडून गेले आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. नव्या तेलाची पातळी सहसा वरच्या भोकाच्या काठाशी येईपर्यंत भरावी. निघालेले तेल बोटांवर चोळून पाहावे. बारीक राखाडी लेप असणे स्वाभाविक आहे, पण धातूचे कण टोचले तर मिस्त्रीला दाखवावे. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर ही तपासणी लांबणीवर टाकू नये. वापरलेले तेल गटारात ओतू नये, ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

रबरी बूट, ब्रेक व डिझेल फिल्टर

डस्टरच्या या प्रकारात मागची चाकेही स्वतंत्रपणे वर-खाली होतात. त्यामुळे चारही चाकांना शाफ्ट आहेत आणि प्रत्येक शाफ्टला दोन रबरी बूट, म्हणजे एकूण आठ. बुटाला चीर पडली की ग्रीस बाहेर उडते व चिखल आत शिरतो. चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस दिसले की बूट गेला असे समजावे. या अवस्थेत नवा बूट व ग्रीस एवढ्यावर भागते. पूर्ण वळण घेताना ‘कट-कट’ आवाज येऊ लागला तर जॉइंटच गेलेला असतो व खर्च अनेक पटींनी वाढतो. पावसाळ्याआधी एकदा व नंतर एकदा बॅटरी घेऊन आठही बूट पाहावेत.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे. डिझेल फिल्टरमधील पाणी पावसाळ्यात अवश्य काढावे. एअर फिल्टर तर घरातील मुलेही शिकून बदलू शकतात.

घरी काय करू नये

या डिझेल इंजिनाचा टायमिंग पट्टा घरी बदलू नये. तो तुटल्यास व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. किलोमीटर किंवा वर्षे, यांपैकी जी मर्यादा आधी भरेल तेव्हा तजुर्बेकार मिस्त्रीकडून पट्टा, त्याचे रोलर आणि पाण्याचा पंप एकाच वेळी बदलून घ्यावेत. पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे मजुरी दोनदा द्यावी लागत नाही.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. मजबूत लोखंडी टेकू लावावेत व जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, एखादे चाक उचललेले असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नये. साध्या गाडीत मागच्या चाकांत ओढ नसते. या गाडीत जमिनीवरील चाकाला ताकद मिळून गाडी जॅकवरून उडी घेऊ शकते. यात जीव जाऊ शकतो.

गाडी बंद पडल्यास दोन चाके उचलून ओढत नेऊ देऊ नये. कसारा घाटात आमच्या गाडीचा क्लच निकामी झाला तेव्हा क्रेनवाला पुढची चाके उचलून न्यायला निघाला होता. आम्ही नकार दिला व सपाट ट्रकसाठी तीन तास थांबलो. तीन तास गेले, पण कपलिंग वाचले.

शेवटी हिशेब

जुनी गाडी ठेवावी की विकावी, हे मनाला न विचारता वहीला विचारावे. समजा, नवी गाडी १० लाखांची आहे आणि ती पाच वर्षे वापरायची आहे. व्याज सोडून नुसती मुद्दल धरली तरी महिन्याला १६,६६७ रुपये, म्हणजे वर्षाला दोन लाख होतात. पाच वर्षांनी ती विकून जे येईल ते यातून वजा करा. जुन्या गाडीचे टायर, तेल, दुरुस्ती व सुटे भाग यांचा वर्षाचा खर्च वहीत याच्यासमोर मांडा. खर्च बराच कमी असेल आणि इंजिन, ब्रेक व पत्रा ठीक असेल, तर गाडी ठेवण्यात किफायत आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, हेही हिशेबात धरावे. २०१४ सालच्या गाडीची ही मुदत २०२९ साली भरते.

एका पानावर तारीख, किलोमीटर, काम, खर्च आणि चार टायरांची मापे एवढे लिहिले तरी पुरे. पुढे गाडी विकायची वेळ आली तर ही वही गिऱ्हाइकापुढे ठेवावी. ज्या मालाचा हिशेब चोख असतो त्याला बाजारात दोन पैसे जास्त मिळतात, मग तो कापडाचा तागा असो वा जुनी गाडी.