पोळी कमी केली की पहिल्या आठवड्यात नेमकं काय घटतं?

सध्या सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा: "लो-कार्ब सुरू केलं, दहा दिवसांत दोन किलो गेले, मग काटा अडकला. डाएट बंद पडलं का?"

नाही पडलं. ते दोन किलो मुळात चरबीचे नव्हतेच.

आपलं शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, साधारण 400 ते 500 ग्रॅम. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास 3 ग्रॅम पाणी असतं. पोळी-भात कमी केला की आधी हा साठा उतरतो आणि सोबत पाणी जातं. कोडिंगवाल्यांनो, हा कॅशे आहे, डेटाबेस नाही. लग्नात दोन दिवस जेवलात की परत भरतो. त्याने घाबरायचं नाही.

चरबीचा हिशेब संथ असतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो घटवायचं तर रोज 550 कॅलरी कमी पडायला हव्यात. माझं वजन आठ महिन्यांत 86 वरून 77 वर आलंय, म्हणजे महिन्याला किलोभर. रील्सवर हा वेग कोणी दाखवत नाही, कारण बघायला कंटाळवाणा आहे!

आता आपल्या ताटाकडे या. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2025 मध्ये आले: भारतीयांच्या रोजच्या कॅलरीपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येतात. वर्तकनगरात आमच्या घरी वेगळं काय होतं? सकाळी पोहे, डब्यात चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री वरण-भात. एका पोळीत साधारण 18-20 ग्रॅम कर्बोदकं, वाटीभर भातात 40. आणि हो, ज्वारीची भाकरी लो-कार्ब नाही. फायबर आहे म्हणून ती चांगलीच, पण कर्बोदकं गव्हाच्या आसपासच. उपवासाच्या साबुदाण्याबद्दल तर बोलायलाच नको, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च.

मी कीटो केलं नाही. चारच्या दोन पोळ्या केल्या, रात्रीचा भात बंद, आणि त्या जागी अंडी, पनीर, मटकीची उसळ, ताक. भूक आवरली ती या प्रथिनांमुळे, असं माझं मत.

इथे एक गोंधळ होतो. आई म्हणते, "म्हणजे दीक्षित डाएटच ना?" नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेली पद्धत म्हणजे दिवसातून दोनदाच, प्रत्येकी 55 मिनिटांत जेवण. तिथे भर किती वेळा खाता यावर, लो-कार्बमध्ये काय खाता यावर. दोन्हींमागे इन्सुलिन कमी ठेवण्याचाच विचार आहे. पण दोन वेळा जेवून ताटभर भात खाल्लात तर ते लो-कार्ब होत नाही.

मग लो-कार्बच सगळ्यात भारी का? स्टॅनफर्डने 2018 मध्ये 609 जणांवरच्या अभ्यासाचे निकाल दिले. वर्षभरात लो-कार्ब गटाचं सरासरी 6 किलो घटलं, लो-फॅट गटाचं 5.3. फरक दखल घेण्याइतका नव्हता. त्यामुळे ज्याला भाताशिवाय जमतच नाही, त्याने भात ठेवून तेल-तूप-फरसाण कमी करावं. तुम्ही वर्षभर काय निभावू शकता, तेच निवडा.

आता कान देऊन ऐका, कारण हे घरच्या मोठ्यांसाठी आहे. माझं बघून बाबांनीही भात सोडायचं ठरवलं. त्यांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. ही गोळी इन्सुलिन वाढवते. गोळी तेवढीच ठेवून कर्बोदकं एकदम कमी केली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते: घाम, थरथर, चक्कर, कधी बेशुद्धी. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्यांचं वेगळंच. फारच कमी कर्बोदकं घेतली तर रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि तेव्हा साखर मीटरवर फारशी वाढलेली दिसेलच असं नाही.

म्हणून आधी डॉक्टर, मग ताट. बाबांचा डोस डॉक्टरांनी बदलला आणि पहिले दोन आठवडे रोज मीटरवर साखर मोजायला सांगितली. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं किती, हेही त्यांनाच विचारा.

पुढच्या भागात ऑफिसचा डबा. तुमच्या डब्यात आज काय होतं, व्हॉइस नोट पाठवा.