१९०९ की १९३०? दोन नंबर, दोन कामं

ताईंनो, "तुमच्या गटाला कर्ज मंजूर, आधी फी भरा" असा मेसेज किंवा ई-मेल आला, तर थांबा. लिंक दाबू नका, ओटीपी सांगू नका.

नुसत्या जाहिरातींचा त्रास असेल, तर १९०९ वर कळवा. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार जाहिरातींचे कॉल आणि एसएमएस बंद करून घेता येतात.

पण पैसे गेले असतील, तर लगेच १९३० ला फोन लावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात जातात. दुसऱ्याचं नाव सांगून मोबाईल-कॉम्प्युटरवरून फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

मेसेज पुसू नका, तोच पुरावा. आणि लाजू नका. गुन्हा फसवणाऱ्याचा आहे, तुमचा नाही.