क्रूझचे तिकीट आणि क्रूझचे बिल

सोलापूरहून रात्री निघालेली सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोचते. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर आहे, आणि सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटन झालेले मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल तिथेच, इंदिरा गोदीत उभे आहे. रात्री सोलापूरच्या ‘सात रस्ता’ चौकातून रिक्षा करून स्टेशन गाठलेले कुटुंब दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अरबी समुद्रात असू शकते, आणि मधे हॉटेलची एकही रात्र पडत नाही. 1860 मध्ये सोलापूरला रेल्वे आली आणि इथला कापूस मुंबई बंदराकडे जाऊ लागला. त्याच वाटेने आज सोलापूरकर सुटीसाठी जहाजावर जायला लागले आहेत.

क्रूझ म्हणजे श्रीमंतांची चैन, हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. तो सगळाच खरा नाही. राहणे, चार वेळचे खाणे, संध्याकाळचे कार्यक्रम आणि प्रवास एकाच रकमेत येत असतील, तर चार जणांच्या कुटुंबाला क्रूझ एखाद्या बऱ्या रिसॉर्टच्या आसपास पडू शकते. अडचण अशी की जाहिरातीतला आकडा आणि घरी परतल्यावर मांडलेला हिशेब यांत मोठे अंतर पडते. हे अंतर नेमके कुठे पडते हे आधीच ठाऊक असेल, तर मध्यमवर्गीय घरालाही ही सहल झेपते.

जाहिरातीतला आकडा जवळजवळ नेहमी दरडोई असतो आणि एका खोलीत दोघे राहणार असे धरून काढलेला असतो. त्यावर बंदराचे शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी चढतो. ‘मुले मोफत’ अशी योजना असली, तरी मुलांचे बंदर-शुल्क आणि कर बहुतेक वेळा भरावेच लागतात. म्हणून एजंटाला पहिला प्रश्न ‘दर काय?’ असा विचारू नये. ‘चौघांचे मिळून, सगळे कर धरून, हातात पावती पडेल ती रक्कम किती?’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. दोन कंपन्यांची किंवा दोन एजंटांची तुलना करायची ती याच रकमेवर.

मुंबईहून नियमित फिरणाऱ्या जहाजाचे उदाहरण घेऊ. कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ सप्टेंबर 2021 पासून भारतीय किनाऱ्यावर आहे. मुंबई–गोवा, मुंबई–लक्षद्वीप, मुंबई–कोची अशा त्याच्या फेऱ्या होत आल्या आहेत. जहाज नवे नाही. 1990 मध्ये ते फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधले गेले आणि नंतर बरीच वर्षे रॉयल कॅरिबियन कंपनीकडे ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ या नावाने चालले. आजच्या अवाढव्य परदेशी जहाजांच्या मानाने ते लहान आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला हा आकार पुरेसा होतो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो. त्यामुळे जून 2023 मध्ये हे जहाज चेन्नईला नेऊन तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. मुंबईहून निघायचे तर साधारण ऑक्टोबर ते मे हाच हंगाम हाताशी उरतो.

या आठ महिन्यांत दर एकसारखे राहत नाहीत. नाताळ ते नववर्ष हा आठवडा सर्वांत महाग. दिवाळीची सुटी, प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेला शनिवार-रविवार आणि मे महिन्याचा पहिला पंधरवडा हेही त्याच रांगेतले. शुक्रवारी सुटणाऱ्या फेरीपेक्षा सोमवारी किंवा मंगळवारी सुटणारी फेरी बहुधा स्वस्त असते, कारण मुंबई-पुण्याच्या नोकरदारांना ती गैरसोयीची. सोलापूरकरांना यात एक संधी आहे. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संक्रांतीच्या सुमारास भरते. मुख्य विधी उरकले की जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि फेब्रुवारीत, शाळेचे दोन-तीन दिवस बुडवायची तयारी असेल तर, मधल्या वारांच्या फेऱ्या मिळतात. तेव्हा समुद्र शांत असतो, हवा कोरडी असते आणि नववर्षाची गर्दी ओसरलेली असते. दुकानदार, यंत्रमागधारक किंवा निवृत्त जोडप्यांना शाळेचाही प्रश्न नाही. त्यांनी दिवाळीत जाणे म्हणजे विनाकारण जास्त पैसे मोजणे.

खोलीच्या बाबतीत मोह आवरणे कठीण जाते. समुद्राकडे खिडकी असलेली खोली किंवा बाल्कनी पाहिली की आतली, बिनखिडकीची केबिन कोंदट वाटू लागते. पण दोन-तीन रात्रींच्या फेरीत माणूस खोलीत झोपायला आणि अंघोळीला येतो, एरवी डेकवरच असतो. डेकवरून दिसणारा समुद्र सर्वांना सारखाच. आतल्या केबिनमध्ये वाचलेले पैसे एकरकमी वाचतात. मात्र ज्याला बंद जागेत घाबरायला होते किंवा ज्या घरात तान्हे बाळ आहे, त्याने खिडकीचे पैसे जरूर मोजावेत. तिसऱ्या आणि चौथ्या माणसाचा दर पहिल्या दोघांपेक्षा कमी असतो, म्हणून आई-वडील आणि दोन मुले एकाच चौघांच्या खोलीत राहिली तर दोन खोल्यांपेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो. एकट्या प्रवाशाची स्थिती उलटी. पूर्ण खोलीचे भाडे त्याच्यावर पडते आणि दर दीडपट ते दुप्पट होतो. एकट्याने जाणाऱ्या ज्येष्ठांनी जोडीदार शोधलेला बरा.

इथेच भिशी कामाला येते. सोलापुरात गल्लोगल्ली बायकांच्या भिशा चालतात, म्हणजे सहलीसाठी गट तयारच असतो. अनेक क्रूझ कंपन्या ठरावीक संख्येच्या गटाला सवलत देतात. जगभरातल्या प्रथेप्रमाणे साधारण सोळा पूर्ण तिकिटांमागे एक जागा मोफत मिळते. ही जागा एजंट स्वतःकडे ठेवतो की गटाला देतो, हे आधी विचारून घ्यावे. गटाने ती मागितली आणि तिची किंमत सर्वांत वाटून घेतली, तर प्रत्येकीचे थोडे थोडे वाचते.

मुंबई गाठण्याचा खर्च बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी सुरू होते. क्रूझ चार-सहा महिने आधी ठरते, त्यामुळे जहाजाची पावती हातात असते आणि गाडीचे तिकीट अजून उघडलेलेही नसते. साठाव्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली नाही, तर तत्काळ किंवा खासगी बस यांत पैसे जातात. जाताना रात्रीची सिद्धेश्वर घ्यावी. फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झालेली वंदे भारत सकाळी सोलापूरहून निघून दुपारी साडेबाराच्या पुढे मुंबईत पोचते. गाडीला उशीर झाला तर चेक-इनची वेळ हातून जाऊ शकते, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. परतताना मात्र वंदे भारत सोयीची, कारण ती दुपारी चारच्या सुमारास मुंबईहून सुटते आणि रात्री घरी पोचवते. आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही, तेवढे पाहून घ्यावे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी गाडीतच संपवायची, कारण बहुतेक जहाजांवर घरचे खाणे आत नेऊ देत नाहीत.

पैसे भरताना सावध राहायला हवे, त्याला अलीकडचा इतिहासच कारण आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘आंग्रिया’ हे मुंबई–गोवा जहाज थाटात सुरू झाले. त्यात साध्या बंकचीही सोय होती. एप्रिल 2019 मध्ये जलेश क्रूझेसचे ‘कर्णिका’ आले. कोविडच्या वर्षात जलेश कंपनी बंद पडली आणि कर्णिका गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. आंग्रियाची फेरीही थांबली. क्रूझ हा मोठ्या भांडवलाचा आणि जोखमीचा धंदा आहे. त्यामुळे वर्षभर आधी पूर्ण रक्कम भरून ‘बंपर सवलत’ घेण्यापेक्षा थोडा ॲडव्हान्स देऊन उरलेले पैसे शेवटच्या मुदतीला भरणे शहाणपणाचे. किती दिवस आधी रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल, याचा तक्ता पावतीबरोबर मागून घ्यावा. ॲडव्हान्स भरल्यावर त्याच खोलीचा दर उतरला, तर अंतिम भरण्याच्या आधी काही कंपन्या फरक वळता करून देतात. हे आपोआप होत नाही, विचारावे लागते.

जहाजावर पाय ठेवला की रोख रक्कम दिसेनाशी होते. खोलीची किल्ली असलेले कार्ड हेच पाकीट बनते, आणि या कार्डावरच जहाजाची खरी कमाई होते. तिकिटात मुख्य जेवणघरातले खाणे असते आणि शाकाहारी-जैन जेवणही मिळते. खास उपाहारगृहे, मद्य, शीतपेये, स्पा, वाय-फाय, फोटोग्राफरने काढलेले फोटो आणि किनाऱ्यावरच्या सहली या सगळ्यांचे पैसे वेगळे. कॅसिनोबद्दल एवढेच की तिथे जाऊ नये. मुलांच्या हाती कार्ड देऊ नये, आणि रोज रात्री स्वागतकक्षात खात्याचा उतारा पाहावा. चुकून लागलेली रक्कम त्याच दिवशी दुरुस्त होते. उतरायच्या सकाळी रांगेत उभे राहून वाद घालणे अवघड जाते. मोबाइल विमान-मोडवर टाकावा. किनारा दूर गेला की फोन जहाजावरच्या उपग्रह-जाळ्याला जोडला जातो, आणि त्याचे दर घरच्या पॅकमध्ये बसत नाहीत.

गोव्याच्या थांब्यावर पैसे वाचवणे सर्वांत सोपे. जहाज मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोला लागते. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. जहाजाची सहल घेतली तर जुने गोवे, पणजी आणि थोडी खरेदी असा ठरलेला फेरा होतो. त्याऐवजी वास्कोहून गोवा राज्य परिवहनाच्या ‘कदंब’ बसने पणजी गाठता येते, किंवा चौघांत एक टॅक्सी करता येते. वेळ थोडा असेल तर पणजीचा हट्ट सोडावा. बोगमाळोचा किनारा आणि त्याच रस्त्यावरचे नौदलाचे विमान संग्रहालय वास्कोपासून जवळ आहे, आणि जुनी विमाने जवळून पाहायला मिळाल्याने मुलांना ते चर्चपेक्षा जास्त आवडते. सोमवारी ते बंद असते. स्वतःच्या जबाबदारीवर फिरताना जहाजावर परतण्याच्या वेळेआधी दीड-दोन तास बंदराजवळ असावे. आणि ज्यांना फक्त गोवाच पाहायचा आहे, त्यांनी क्रूझ घेऊच नये. जून 2025 पासून सोलापूरहून गोव्याला थेट विमानही सुरू झाले आहे.

सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर आता पुष्कळ मराठी कुटुंबे जातात. ‘गेंटिंग ड्रीम’सारखी जहाजे मलेशिया-थायलंडच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्या करतात आणि भारतीय जेवण देतात. इथला हिशेब वेगळा. विमानाचे भाडे अनेकदा क्रूझपेक्षा जास्त पडते, म्हणून ते आधी पाहावे. मुंबईबरोबर हैदराबादचे दरही ताडून पाहावेत. रस्त्याने तीनशे किलोमीटरवरच्या या विमानतळावरून सिंगापूरला थेट विमाने जातात, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबांची हैदराबादकडे नातीगोती असल्याने एक मुक्काम घरचाच होतो. सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे तपासावे, कारण जहाज मलेशियाला जाऊन पुन्हा सिंगापूरलाच येते. परदेशी जहाजांवर टिपही सक्तीच्या रकमेसारखी रोज खात्यावर लागते. माणशी दिवसाला 18 डॉलर धरले, तर चौघांचे चार रात्रींचे 288 डॉलर होतात, म्हणजे सुमारे पंचवीस हजार रुपये. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएसही (विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला कर) आकारला जातो. 2025-26 या आर्थिक वर्षात तो दहा लाखांपर्यंत 5 टक्के होता. हे पैसे बुडीत नसतात. विवरणपत्र भरताना ते प्राप्तिकरात वळते होतात किंवा परत मिळतात, मात्र पॅन क्रमांक बरोबर दिलेला हवा.

सर्वांत कमी बोलला जाणारा पर्याय सरकारी आहे. लक्षद्वीप प्रशासनाची ‘स्पोर्ट्स’ ही पर्यटन संस्था कोचीहून ‘समुद्रम’ नावाची पाच दिवसांची सहल चालवत आली आहे. सातशे प्रवासी नेणारे ‘एम. व्ही. कवरत्ती’ हे जहाज कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय या बेटांवर जाते. रात्री प्रवास, दिवसा बेटावर पोहणे, जेवण आणि हिंडणे. दोघांच्या आणि चौघांच्या वातानुकूलित खोल्या आहेत. झगमगाट नाही, कॅसिनो नाही, आणि लक्षद्वीपमध्ये दारूबंदी असल्याने तो खर्चही नाही. कार्ड पुढे करायला जागाच नसल्याने तिकीट आणि बिल यांत फारसा फरक पडत नाही. सोलापूरकरांना यासाठी मुंबईला जाण्याचीही गरज नाही. पुणे–कन्याकुमारी एक्स्प्रेस सोलापूरवरूनच एर्नाकुलमला जाते. फेऱ्या आणि जागा मोजक्या असतात, हवामान बिघडले की वेळापत्रक बदलते, आणि बेटांवर उतरायला प्रवेश-परवाना लागतो. त्यामुळे ओळखपत्रे आणि फोटो तयार ठेवून सहलीच्या दोन-तीन महिने आधीच अर्ज करावा, आणि जहाजाची तारीख पक्की झाल्यावरच रेल्वेचे तिकीट काढावे.