खडकाच्या पोटातील ओलावा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा परिसर उद्ध्वस्त झाला. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूमी, असे आपण शिकत आणि शिकवीत आलो होतो. मग त्या भूमीच्या पोटात होते तरी काय? भूकंपानंतर किल्लारीत घेतलेले विंधनछिद्र ६१७ मीटरांपर्यंतच गेले. त्याहून खोल पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी विजेचा आधार घेतला.

खडकांतील बहुतेक खनिजे वीज वाहू देत नाहीत. ती वाहते मुख्यतः भेगांत व छिद्रांत साठलेल्या क्षारयुक्त पाण्यातून. म्हणून अखंड ग्रॅनाइटची रोधकता हजारो ओहम-मीटर, तर पाणी मुरलेल्या गाळाच्या खडकाची कित्येकदा दहाच्याही आत. रोधकता मोजणे म्हणजे एका अर्थी खडकाचा ओलावा चाचपणे होय.

त्यासाठी लागणारी वीज निसर्गच पुरवितो. दूरदेशीच्या वादळांतील विजा आणि सूर्याकडून येणारा भारित कणांचा झोत यांमुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सतत थरथरत असते आणि त्या थरथरीने जमिनीत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात. एकमेकींना काटकोनात तारा पसरून विद्युत्‌क्षेत्र मोजावयाचे, पुरलेल्या वेटोळ्यांनी चुंबकीय क्षेत्र मोजावयाचे आणि दोहोंच्या गुणोत्तरावरून रोधकता काढावयाची, ही मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत. रशियात तिखोनोव्ह यांनी १९५० मध्ये व फ्रान्समध्ये कान्यार यांनी १९५३ मध्ये तिचा पाया घातला. तिची खुबी अशी की लहर जितकी संथ तितकी ती खोल जाते. शंभर ओहम-मीटरच्या खडकात एका सेकंदाची लहर सुमारे पाच किलोमीटर खोलीवर क्षीण होते, तर शंभर सेकंदांची सुमारे पन्नास किलोमीटरांवर. (विजेच्या तारा आणि विद्युत्‌-रेल्वे मात्र या कामाच्या वैरिणीच!)

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी किल्लारीच्या परिसरात असे मापन केले. त्यांचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे सहा ते दहा किलोमीटर खोलीवर वीज सहज वाहणारा थर आढळला होता. भेगाळलेल्या खडकात द्रव साठला असावा, त्याच्या दाबाने खडक दुबळा झाला असावा, असा त्यांचा अर्थ. ग्राफाइटसारखे पदार्थही वीज वाहून नेतात. केवळ रोधकतेवरून पाणी सिद्ध होत नाही. म्हणून भूकंपलहरींच्या वेगाचा पुरावाही त्यांनी जोडीला घेतला. भूमी स्थिर आहे असे वर्गात सांगताना आम्ही इतकी सावधगिरी कधी बाळगली नव्हती.